कठड्याचे दोन थर

अहो लिमये, माणसानं निदान हातातलं भांडण तरी पुरं करून जावं. बुधवारी दुपारी तुम्ही माझ्या टेबलापासून चहा न घेता उठलात. एकोणीस वर्षांत तुम्ही चहा सोडल्याचा हा पहिलाच प्रसंग. आणि गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून फोन, की लिमयेसर वारले, स्वारगेटला, स्टँडच्या बाहेर रस्ता ओलांडताना खाली बसले ते उठलेच नाहीत. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "थांबा, मी त्यांनाच विचारते." आणि खरोखर तुमचा नंबर लावला.

फोन वहिनींनी उचलला. मी विचारलं, लिमये आहेत का. आता आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं. मागे कोणीतरी रडत होतं, आणि तेवढ्यावरूनही मला कळायला वेळ लागला. गॅसवर वांग्याची भाजी करपली. शेजारच्या बाई वास आला म्हणून बघायला आल्या तेव्हा मी धायरीच्या माझ्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून तशीच उभी होते. त्यांनीच गॅस बंद केला.

वैकुंठ स्मशानभूमीत तुमचे कात्रजच्या सोसायटीतले लोक एकमेकांना सांगत होते, सोन्यासारखं मरण आलं, काही त्रास नाही. तुम्हाला झाला नसेल हो. आम्ही काय करायचं? मी कोपऱ्यात उभी राहून रडण्याऐवजी दातओठ खात होते. तुमच्यावर चिडले होते मी. सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन निघून जायचं, आणि वादात शेवटचा शब्द माझा ठेवून जायचं, हे तुमच्यासारख्या माणसाला शोभलं नाही. शेवटचा शब्द नेहमी तुमचा असायचा.

आणि तिथेच, तुम्हाला आत नेलं तेव्हा, माझ्या मनात एक विचार आला. आला म्हणजे आला, तो मी आणला नाही. आता हे कोणालाच माहीत नाही. तुमच्याशिवाय ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं आणि तुम्ही तर चाललात. मला स्वतःची इतकी किळस आली की नळावर जाऊन तोंड धुतलं. पण विचार काही गेला नाही.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण मला ते कोणापुढे तरी नीट मांडलं पाहिजे आणि अशा गोष्टी ऐकून घेणारे तुम्हीच होतात.

सासवडच्या पलीकडचा आपला माळ. पहिल्यांदा तुमच्याबरोबर गेले तेव्हा मला वाटलं, इथे काय अभ्यास करायचा? नुसतं गवत, मध्ये एखादं बाभळीचं झाड, चार मेंढरं. आमच्या वाशिमकडे असल्या जागेला पडीक म्हणतात. तुम्ही जीपमधून उतरलात, टोपी नीट केलीत आणि म्हणालात, इंगोलेबाई, पडीक म्हणू नका, गवताला ऐकू जातं. मग तासभर त्या उन्हात मला समजावलंत. वर मातीचा पातळ थर, खाली कातळ. गवत पावसाला धरून ठेवतं, ते मुरतं, कातळाच्या भेगांत साठतं, आणि पाऊस संपला की तेच पाणी हळूहळू ओढ्यात उतरतं. पाणी एकच, तुमचं म्हणणं. "खाली असलं की तुमचं, इंगोलेबाई, वर आलं की माझं."

तशी आपल्या भूजलाच्या ऑफिसात कामं वाटलेली होती. मी विहिरी बघायची, तुम्ही ओढा आणि पाझर तलाव. मी तुम्हाला वरवरचा माणूस म्हणायचे, तुम्ही मला पाताळातल्या बाई. पहाटे गावातल्या मोटारी सुरू व्हायच्या आत विहिरीवर पोचावं लागतं, नाहीतर उपशानं पातळी खाली जाते आणि मोजमाप खोटं येतं. तुमच्या ओढ्याला तसली काही घाई नसे. तरी तुम्ही येऊन बसायचात, कठड्यावर पाय सोडून, डब्यातले पोहे खात. मी टेपच्या टोकाला खडू घासून ती आत सोडायची, वर ओढली की खडू जिथपर्यंत भिजलाय ती पाण्याची रेघ. आकडा मी सांगायची, वहीत तुम्ही लिहायचात. तुमचं अक्षर चांगलं म्हणून. माझ्या अक्षराबद्दल तुम्ही काय काय बोललात ते आज माफ करते.

कठड्यावर खूण लागते हे काही मी तुम्हाला सांगायला नको. दरवेळी एकाच ठिकाणावरून मोजायला हवं, म्हणून कठड्याच्या वरच्या दगडावर तांबड्या रंगाचा त्रिकोण काढायचा. माळावरच्या ठकूबाई धनगरणीच्या विहिरीवर पहिला त्रिकोण काढताना माझा हात थांबला होता. तुम्ही विचारलंत, रंग वाळतोय, कसली वाट बघताय. मी तुम्हाला सांगितलं. माझ्या आईला तिच्या गावात विहिरीच्या कठड्याला हात लावू देत नसत. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर ओतलं. दीक्षा घेतलेलं आमचं घर, पण विहीर त्यांचीच होती. आणि मी कठड्यावर मांडी ठोकून बसलेय, ब्रश घेऊन. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी मोठं, चांगलं बोलणार आणि मला अवघडल्यासारखं होणार. तुम्ही ओढ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मग खूण जरा मोठी काढा."

त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. एकोणीस वर्षांत वेळ मिळाला नाही असं नाही. तुम्ही थट्टा कराल म्हणून मानले नाहीत.

गावाला पाणी मोजायची सवय तुम्ही लावलीत. शाळेच्या भिंतीवर काळा पट्टा रंगवून घेतलात, त्यावर दर महिन्याला त्या विहिरीची पातळी खडूनं लिहायची, आणि गावानं ठराव केला की पाणी पट्ट्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या वर आल्याशिवाय माळावर एकही नवी बोअर घ्यायची नाही. लोकांनी तो पाळला हो. चार वर्षं पाळला. लग्नघरात टँकर आणला, पण बोअर घेतली नाही.

आणि या दिवाळीनंतर मी मोजायला गेले. तुम्ही त्या दिवशी तलावाच्या सांडव्यावर होतात. माझा त्रिकोण कठड्यावर नव्हता. पावसात गेला असेल म्हणून मी दुसरा काढला आणि टेप सोडली. पाणी वर. गेल्या वर्षीपेक्षा चांगलं दोन फूट वर. मी परत मोजलं, तेच. शाळेच्या भिंतीवर आकडा पांढऱ्या रेघेच्या वर गेला. गावानं माझा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला, सरपंच शालनबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मी लावून घेतलं. तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतात. मला फार आवडलं ते. खोटं कशाला बोलू, त्या रात्री शाल अंगावर घेऊनच झोपले.

बोअरबंदी उठवायची सभा ठरली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा कुरकुरलात. तुमचं पाणी वर चढलं, मग माझा ओढा दरवर्षीपेक्षा आधी कसा आटला? मी म्हटलं, ओढ्याचं मला विचारू नका, तुमचा ओढा तुम्ही बघा. तुम्ही म्हणालात, अहो पण पाणी एकच आहे ना. मी विषय बदलला. तुम्ही आठवडाभर आपलंच घोडं दामटत राहिलात. मला वाटलं, शाल मला मिळाली, ते तुमच्या पोटात दुखतंय. हो, असंच वाटलं.

मग तो बुधवार. तुम्ही माझ्या टेबलावर फोन ठेवलात, त्यात दोन फोटो, एक जुना, एक सत्काराच्या दिवशीचा. दोन्हींत तुम्ही त्याच कठड्यावर पोहे खाताय. म्हणालात, "जुन्यात माझे पाय लोंबकळतायत आणि नव्यात जमिनीला टेकलेत. या वयात माझी उंची वाढली असेल तर तसं सांगा, म्हणजे डॉक्टरांना दाखवतो."

मी बघितलं. बघितल्याबरोबर कळलं, लिमये. कठड्याचे वरचे थर कोणीतरी काढलेत. माझा त्रिकोण धुतला गेला नव्हता, ज्या दगडावर होता तो दगडच गेला होता, आणि मी खालच्या दगडावर दुसरा काढून दोन फूट खालून मोजलं. पाणी होतं तिथेच होतं. ऑफिसात नव्या आलेल्या पोरांना आपण शिकवतो, खूण दिसली नाही तर आधी कठड्याची उंची मोजा. मी मोजली नाही. एकोणीस वर्षं विहिरी मोजणाऱ्या बाईनं मोजली नाही.

पण हे मी तुम्हाला म्हटलं नाही. मी म्हटलं, फोटोचा कोन वेगळा आहे. तुम्ही म्हणालात, ऑइलपेंट एका पावसात जातो का हो, मग आमच्या सोसायटीच्या गेटला कशाला लावतात. मी म्हटलं, तुम्हाला काय हवंय नक्की. तुम्ही म्हणालात, रविवारी सभा आहे, त्याआधी जाऊन सांगू, मोजताना चूक झाली. झाली तर झाली. माणसं आहोत.

आणि मग मी ते बोलले. आवाज चढवून नाही, हळूच बोलले, म्हणून जास्त लागलं असेल. "तुमची चूक झाली की लोक म्हणतात लिमये चुकले. माझी झाली की आधी आडनाव विचारतात आणि मग म्हणतात, तरी वाटलंच होतं."

तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. माझ्या स्वयंपाकाला, माझ्या स्कूटीला, महापालिकेला, देवाला. त्या दिवशी नव्हतं. तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत घातलात, उठलात आणि गेलात. चहावाला दोन कप घेऊन आला, मी दोन्ही प्यायले. रागानं प्यायले. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रजेवर. आणि संध्याकाळी तो फोन.

मला अजूनही पटत नाही, लिमये. ऑफिसात तुमच्या खुर्चीवर तुमची ती तेलकट टोपी आहे, कोणी हलवत नाही. तुमच्या नावाची कुरिअरं येतात. परवा ओढ्याच्या नोंदी कुठे ठेवल्यात म्हणून मी तुमच्या केबिनच्या दारात जाऊन "अहो" एवढं म्हणालेसुद्धा. मला कोणी सांगा, की बुधवारी दुपारी पाय लोंबकळण्यावर विनोद करणारा माणूस गुरुवारी संध्याकाळी नसतो म्हणजे काय? मी कातळात शिकले, भेगा मोजल्या, कुठलं पाणी कुठून येतं ते सांगते, पण हे माझ्या टाळक्यात शिरत नाही.

गावातून निरोप आला की रविवारची सभा आठ दिवस पुढे ढकललीय. मला वाटलं, तुमच्या दुखवट्यासाठी. बरं वाटलं. वेळ मिळाला.

मधल्या बुधवारी मी एकटी माळावर गेले. मोटारी सुरू व्हायच्या आत, नेहमीसारखी. विहिरीवर ठकूबाई धनगरीण मेंढरांना पाणी पाजत होत्या. कठड्यालगत दगडांवर सिमेंटची डोण ठेवली होती, त्यात मेंढरं तोंडं घालत होती. मी विचारलं, हे दगड कुठले. त्या म्हणाल्या, "वरचेच हायेत की. कठडा उंच हुता, दोरी वढताना छातीला लागायचा. ल्योकानं दोन थर काढलं आन् डोणीखाली घातलं." मी खाली वाकून बघितलं. डोणीखालच्या एका दगडावर तांबडा त्रिकोण. मोठा. तुम्ही मोठा काढायला सांगितला होतात ना, म्हणून इतक्या शेणमातीतूनही दिसला. मी तिथेच ओल्या जमिनीवर बसले. ठकूबाई म्हणाल्या, बाई, चक्कर आली का. मी म्हटलं, नाही, साहेब गेले आमचे. तेव्हा कुठे मला रडू आलं. सहाव्या नाही तर सातव्या दिवशी. ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मेंढरं आमच्याभोवती पाणी पीत राहिली.

टेप सोडली, जुन्या उंचीनं मोजलं. पाणी पांढऱ्या रेघेच्या खाली. गेल्या वर्षीपेक्षाही थोडं खालीच. तुमचा ओढा बरोबर होता.

आता खरं सांगते. घरी येताना मी एक रस्ता शोधून काढला होता. पुढच्या महिन्याचा आकडा योग्य उंचीनं लिहायचा. पाऊस कधीच संपलाय, पातळी उतरली म्हणायचं. कोणाला ताकास तूर लागू दिली नसती. फक्त मधल्या काळात सभा होणार होती, बंदी उठणार होती, आणि माळाच्या रस्त्याला बोअरच्या दोन गाड्या येऊन उभ्या होत्या, त्या मी स्वतः बघितल्या होत्या. त्या खोल गेल्या की सगळ्यात आधी कोरडी पडणार ती ठकूबाईंची उथळ विहीर. हेही मला माहीत होतं, मीच शिकवते ते. तरी तीन दिवस मी तो रस्ता मनात घोळवत बसले. शनिवारी ऑफिसात सांगून टाकलं की माझी तब्येत बरी नाही, सभेला जमणार नाही, आकडा फोनवर कळवते.

रविवारी सकाळी कोणता आकडा कळवायचा म्हणून वही उघडली. सगळी पानं तुमच्या अक्षरात. शेवटची ओळ तेवढी माझ्या, कारण त्या दिवशी तुम्ही सांडव्यावर होतात. ती ओळ मला वाचवेना. वही पिशवीत टाकली, साडी नेसले आणि धायरीच्या नाक्यावर बस पकडली. स्वारगेटला उतरले तेव्हा स्टँडच्या बाहेर जिथे तुम्ही बसलात म्हणे, तिथे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. तिथे एक माणूस शेंगा विकत होता. मी परत फिरले, धायरीच्या बसच्या रांगेत दहा मिनिटं उभी राहिले, आणि मग पुन्हा आत जाऊन सासवडची एसटी धरली. कशामुळे, ते मला सांगता येणार नाही.

शाळेच्या पटांगणात सभा भरली होती. मी पोचले तेव्हा तुम्हाला श्रद्धांजली वाहून झाली होती. मी परवानगी मागितली आणि भिंतीवरच्या पट्ट्यापाशी उभी राहून सगळं सांगितलं. कठडा, डोण, त्रिकोण. ठकूबाईंच्या मुलाचा दोष नाही, दगड त्याचेच आहेत, उंची मोजायची जबाबदारी माझी होती आणि मी ती मोजली नाही. पाणी वर आलेलं नाही. ओल्या फडक्यानं आकडा पुसला आणि खरा लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं. मागून एकजण म्हणाला, आन् आमी बोअरच्या गाडीला इसार दिला त्येचं काय. त्याचं चुकलं नाही. मी खाली बघून उभी राहिले. आता आडनाव निघणार, असं वाटत होतं.

शालनबाई उठल्या. माणसांना हातानं बसवलं आणि म्हणाल्या, सर सांगून गेलते म्हणून आपण थांबलो, ते बरं झालं. मला काही समजेना. मी विचारलं, कोण सर, काय सांगून गेले?

तुम्ही, लिमये. गुरुवारी रजा टाकून तुम्ही एसटीनं इथे आला होतात. भर दुपारी, एकटे. शालनबाईंच्या ओसरीवर बसलात, पाणी प्यायलात, सभा आठ दिवस पुढे घ्या म्हणालात. त्यांनी कारण विचारलं, तर म्हणालात, ते मी सांगायचं नाही, विहीर बाईंची आहे, बाईच येऊन सांगतील. परतीच्या गाडीनं पुण्याला गेलात. त्या गाडीतून उतरून स्टँडच्या बाहेर आलात.

तुम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतं. चूक माझी होती आणि ती सांगायची जागा तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवली होतीत. मी बोललेल्या त्या वाक्याला तुमच्याकडे उत्तर होतं तर.

शालनबाई म्हणाल्या, "आमी इचारलं, सर, आन् बाई आल्याच न्हाईत तर? तर हसले. म्हनले, इंगोलेबाई न येणाऱ्यातल्या न्हाईत."

अहो लिमये, मी येणारच नव्हते.